सागाचा जोड कोरा सुटतो तेव्हा नक्की काय झालेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जुन्या वाड्यातून निघालेल्या सागाच्या फळ्या मशीनवर प्लेन करून आणल्या, महिनाभर घरात उभ्या ठेवल्या, मग पांढऱ्या डिंकाने कडेला कड लावून दोन फुटी टेबलटॉप केला आणि पहिल्याच पावसाळ्यात तीन जोड सुटले. त्याच डबड्यातल्या डिंकाने केलेलं आंब्याच्या लाकडाचं स्टूल मात्र ठणठणीत आहे. सुतार म्हणतोय डिंक डुप्लिकेट, दुकानदार म्हणतोय महागातला वॉटरप्रूफ घ्यायला हवा होता, आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की आजोबांच्या पोथीची फाटलेली पानं याच डिंकाने चिकटवली तर चालेल का. पोथीचं खाली लिहितो, तोवर तिला हात लावू नका.

तुमच्या फोटोत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सुटलेली कड. एका फळीवर डिंकाचा पातळ चकचकीत पापुद्रा जसाच्या तसा आहे आणि समोरची फळी एकदम कोरी. नीट झूम करून बघा, त्या पापुद्र्यावर बारीक बारीक आडव्या लाटा छापल्यात, त्या समोरच्या फळीवरच्या प्लेनरच्या ब्लेडच्या खुणा आहेत. म्हणजे डिंक समोरच्या लाकडाला टेकला होता, तिथे पुरेसा होता, दाबही मिळाला होता, वाळलाही नीट, पण लाकडाचा एक तंतूसुद्धा त्याने धरला नाही. डिंक खराब असता तर पापुद्रा ठिसूळ, पांढरट, खडूसारखा दिसला असता किंवा नखाने भुगा झाला असता. दाब जास्त होऊन डिंक पिळून निघाला असता तर दोन्ही कडा जवळपास सुक्या दिसल्या असत्या. आणि जोड चांगला असता आणि तरी मोडला असता, तर डिंकाच्या रेषेच्या बाजूला लाकूड फाटून दोन्हीकडे तुसं, चिरफळ्या दिसल्या असत्या. आमच्याकडे जोड तपासताना किती जोर लागला याच्याइतकंच मोडलेल्या जागेवर किती टक्के लाकूड फाटलंय हेही बघतात. तुमच्याकडे ते शून्य आहे. तेव्हा डिंकवाल्याला सोडा, लाकडाच्या सरफेसकडे या.

आता डिंक लाकडाला धरतो म्हणजे काय करतो. बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की डिंक लाकडाच्या छिद्रांत शिरतो, तिथे कडक होतो आणि अडकून बसतो. हे चूक नाहीये, सागाच्या नळ्या तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यात डिंक जातोच, पण ही अर्धीच गोष्ट आहे. नुसतं अडकून बसण्यावर सगळं असतं तर तुमच्या सागाचाही जोड टिकायला हवा होता. खरं धरणं होतं ते रेणूंच्या पातळीवर आणि ते बळ चालतं नॅनोमीटरच्याही आतल्या अंतरावर. करवतीने कापलेल्या, रंधा मारलेल्या दोन फळ्या कितीही घट्ट दाबल्या तरी इतक्या जवळ येत नाहीत, म्हणूनच मधे असं काहीतरी पातळ लागतं जे आधी वाहून प्रत्येक खाचखळग्याला टेकेल आणि मग तिथेच घट्ट होईल. डिंकाचं पहिलं काम चिकटणं नाहीच, पसरणं आहे. ज्या लाकडावर तो पसरत नाही त्याला तो धरणार कसा.

लाकडात ढोबळमानाने ४० ते ५० टक्के सेल्युलोज, त्याच्या खालोखाल हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, दोन्ही साधारण २० ते ३० टक्क्यांच्या घरात, आणि उरलेलं थोडंसं म्हणजे तेलं, राळ, रंगद्रव्यं, टॅनिन वगैरे, ज्याला एक्स्ट्रॅक्टिव्हज म्हणतात. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, प्रत्येक ग्लुकोजवर तीन हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच गट. यातले बरेचसे आपापसातच हात धरून स्फटिकासारखे घट्ट बसलेले असतात, ते डिंकाच्या वाट्याला येत नाहीत. पण जो भाग अस्ताव्यस्त असतो तिथले, आणि हेमिसेल्युलोजवरचे ओएच मोकळे असतात, आणि डिंकातल्या गटांशी हायड्रोजन बाँड करतात ते हेच. एकेकटा हायड्रोजन बाँड तसा कमजोर, खऱ्या रासायनिक बंधाच्या फार तर दहाव्या हिश्शाचा, पण संख्या अफाट असते. आणि एवढंसं बळ पुरतं, कारण चांगल्या जोडात शेवटी लाकूडच आधी फाटतं.

याच हायड्रोजन बाँडची एक खोड आहे, पाणी. पाण्याच्या रेणूलाही ओएच आवडतात आणि तो लहान असल्यामुळे कुठेही घुसतो. कागदाचं उदाहरण घ्या, साध्या कागदात तंतू एकमेकांना धरून राहतात ते जवळजवळ फक्त याच बाँडवर, म्हणून कोरडा कागद ताणायला जोर लागतो आणि तोच ओला झाला की हातात लगदा. पांढऱ्या डिंकाचंही पावसाळ्यात तसंच होतं, शिवाय त्याच्या पोटातच एक पाण्याचा मित्र बसलेला असतो. पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले, आणि ते कण एकमेकांना चिकटून डब्यातच गोळा होऊ नयेत म्हणून बहुतेक वेळा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेलं असतं जे पाण्यात विरघळतं. डिंक लावला की लाकूड त्यातलं पाणी पितं, कण जवळ येतात, एकमेकांत मिसळून सलग फिल्म होते आणि पांढरा रंग जाऊन पारदर्शक होतो. ही फिल्म व्हायला किमान ठराविक तापमान लागतं, ग्रेडप्रमाणे ५ ते १५ अंशांच्या मधे कुठेतरी, म्हणून नाशिकच्या थंडीत पहाटे उघड्या शेडमधे लावलेला डिंक कधी कधी खडूसारखा पांढरा राहतो आणि धरत नाही. मुंबईत हा प्रॉब्लेम सहसा येत नाही. उलट विदर्भात वेगळाच त्रास, चंद्रपूरला ४५ अंश चढले की हा डिंक मऊ पडतो आणि सतत ताणाखाली असलेला जोड हळूहळू सरकतो, तुटत नाही पण सरकतो, कारण मुळात हे प्लास्टिक ३०-४० अंशांच्या आसपासच कडकपणा सोडायला लागतं. वाकवून चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कामाला म्हणूनच मी साधा पांढरा डिंक वापरत नाही.

आता दुकानदाराचं वॉटरप्रूफचं बोलणं. त्याच पांढऱ्या डिंकात साखळ्या एकमेकींना बांधणारं काहीतरी घातलं की पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारा ग्रेड मिळतो, डब्यावर डी३ किंवा डी४ लिहिलेलं असतं ते हेच, ईएन २०४ या युरोपियन मानकाप्रमाणे डी१ ते डी४ अशा पायऱ्या आहेत. बाथरूमजवळ, खिडकीखाली, कोकणातल्या घरात, डी३ घ्याच, माझा आग्रहच आहे. पाण्यात टिकणाऱ्या प्लायमधे तर फिनॉल फॉर्मल्डिहाइड डिंक लागतो, कडेला ती काळपट लालसर रेघ दिसते तो, त्यातले बंध रासायनिक आणि जाळीसारखे सगळीकडून विणलेले असल्यामुळे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायला ७२ तास पाण्यात उकळून तपासतात तरी थर सुटत नाहीत. स्वस्तातला युरिया फॉर्मल्डिहाइड कोरड्या जागी मस्त, पण ऊब आणि ओल एकत्र आली की पाणीच त्याचे बंध तोडतं. हे सगळं खरं असलं तरी तुमच्या केसला लागू नाही, कारण तुमचा पापुद्रा पाण्याने गेला नाहीये, तो अजून शाबूत आहे. डी४ आणला असता तर डी४ चा पापुद्रा तसाच कोरा निघाला असता.

मग सागाचं काय. साग इतका टिकतो, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, त्याचं कारण त्याच्यातले तेलकट एक्स्ट्रॅक्टिव्हज, टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं आणि चक्क रबरासारखा एक पदार्थ, रंधा मारल्यावर हाताला मेणचट लागतं ते त्यामुळेच. शिवाय सिलिका असते, ती ब्लेडची धार खाते. ताज्या रंधलेल्या सागावर ही तेलं थोडी असतात, पण फळी नुसती ठेवून दिली की ती हळूहळू वर येऊन बसतात, हवेने त्यांचं ऑक्सिडेशन होतं, वरचे ओएच झाकले जातात किंवा आतल्या बाजूला वळतात, आणि सरफेस पाण्याला नकार द्यायला लागतो. कुठलंही लाकूड असं होतं, आंबासुद्धा, पण आंब्याला वेळ लागतो आणि साग, शिसम यांना काही तासांपासून दोनेक दिवस पुरतात. तुम्ही महिनाभर ठेवलं. लाकूड घराच्या हवेला सरावावं म्हणून ठेवलं हे बरोबरच केलं, फक्त त्यानंतर, जोडायच्या दिवशी, कडेवरून परत एकदा धारदार रंध्याचे दोन हात मारायचे राहिले.

दुसरी गोष्ट मशीन. त्या ब्लेडच्या लाटा दाट आणि चकचकीत दिसताहेत, माझा अंदाज ब्लेड बोथट होतं, सागाच्या सिलिकेने असतंच. बोथट ब्लेड लाकूड कापत नाही, घासून चेपतं. वरच्या दोनचार पेशींचे थर दबून बंद होतात, उष्णतेने गुळगुळीत होतात, दिसायला फळी सुंदर दिसते आणि हात फिरवला की गिऱ्हाईक खूश, पण डिंकाला आत जायला वाट नाही. आणि समजा त्या चेपलेल्या थराला डिंकाने धरलंही तरी तो थर खालच्या चांगल्या लाकडापासून आधीच सुटायला आलेला असतो, पहिल्या पावसाळ्यात फुगला की गेला.

तपासायला काही लागत नाही. ड्रॉपरने किंवा बोटाच्या टोकाने पाण्याचा एक थेंब कडेवर ठेवा आणि बाजूने बघा. जिवंत सरफेसवर थेंब लगेच बसका होतो, कडा पसरतात, अर्ध्याएक मिनिटात लाकूड गडद होऊन थेंब आत ओढला जातो. मेलेल्या सरफेसवर तो मण्यासारखा गोल उभा राहतो, फळी तिरकी केली तर घरंगळतो. मग त्याच जागी रंध्याचा एक हात मारा, एक सलग पातळ साल निघू दे, आणि लगेच दुसरा थेंब ठेवा. फरक डोळ्यांनी दिसतो. साइटवर नवीन पोरांना मी डिंकाचं लेक्चर देत बसत नाही, हे दोन थेंब दाखवतो. रंधा शक्य नसेल तर ८० ते १२० नंबरचा नवीन पॉलिश पेपर मारून भुसा ब्रशने पूर्ण काढा, फार बारीक पेपर नको, त्याची धूळ छिद्रांत बसते. सागाला त्यानंतर ॲसिटोनचा हात द्या, पांढरा कपडा घ्या म्हणजे निघालेला पिवळा-तपकिरी रंग दिसेल, कपडा बदलत राहा, ॲसिटोन उडालं की लगेच डिंक. लगेच म्हणजे लगेच, चहा पिऊन आल्यावर नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ बिडी-सिगरेट नको हे सांगायला नको. बाजारचा स्वस्त थिनर मी टाळतो, त्यात काय काय असतं सांगता येत नाही आणि कधी कधी तोच तेलकट थर सोडून जातो.

इपॉक्सी किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा डिंक, वापरला तर एवढं करावं लागेल का असं कोणीतरी विचारणारच. लागेल. पीयू ओलसर लाकडाला चालतो कारण त्यातलं आयसोसायनेट ओलीशीच रिॲक्ट होऊन घट्ट होतं, जाहिरातीत ते लाकडाच्या ओएचशी थेट रासायनिक बंध करतं असं सांगतात, कागदावर ते शक्य आहे, पण व्यवहारात लाकडात पाणी इतकं हाताशी असतं की बहुतेक सगळं त्याच्याशीच खर्च होतं. आणि तो फुगून जो फेस फटीत भरतो त्यात ताकद नसते, फट भरली म्हणजे जोड झाला असं समजू नका. इपॉक्सीचा खरा फायदा असा की त्याला फार दाब लागत नाही आणि थोडी जाड रेष चालते, खिडकीच्या जुन्या चौकटी दुरुस्त करायला मी तोच घेतो. पण तेलावर तोही सुटतो.

दाबाबद्दल थोडं. पांढऱ्या डिंकाची रेष पातळ हवी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि सागासारख्या लाकडाला चौरस सेंटीमीटरला १० किलोच्या आसपास दाब लागतो, जो हाताने धरून किंवा दोन बारीक खिळे ठोकून मिळत नाही. साधारण दर फुटाला एक शिकंजा, म्हणजे क्लॅम्प, एक वरून एक खालून, मधे लाकडाची ठोकळी. डिंकाचे बारीक मणी सगळ्या रेषेवर सारखे बाहेर आले की थांबा. आणि डिंकात पाणी घालून पातळ करणाऱ्याला कामावरूनच काढा. फळीच्या टोकाला, एंड ग्रेनला, तर नळ्या सरळ तोंड उघडून बसलेल्या असतात, डिंक पिऊन टाकतात आणि रेषेत काही उरत नाही, तिथे नुसत्या डिंकावर जोड करायचाच नाही, कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, काढून खाचेत बसवायचं म्हणजे डिंकाला लांब बाजू मिळते.

आता पोथी. पांढरा डिंक नको, अजिबात नको. एकदा वाळला की तो कागदातून नीट परत काढता येत नाही, आणि पोथीच्या कामात पहिला नियम हाच, की पुढच्या माणसाला तुमचं काम उलटवता आलं पाहिजे. सेलोटेप तर त्याहून वाईट, ती पिवळी पडून डाग आत जातो. लाकूड आणि कागद, दोन्हीकडे धरायला सेल्युलोजच, म्हणून कागदाला त्याच्याच नात्यातलं काहीतरी द्यायचं. गव्हाच्या स्टार्चची खळ घ्या, कणकेची नाही, स्टार्चची, कारण कणकेत ग्लूटेन असतं. स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी, फक्त जोडणी वेगळी, त्यामुळे ती सेल्युलोजला मस्त धरते आणि ओल दिली की सोडते. पातळ शिजवा, गाळून घ्या, फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यूची पट्टी लावा, वरखाली टीपकागद आणि वजन ठेवून वाळू द्या. पण आधी शाई तपासा, ओल्या कापसाचं टोक एका कोपऱ्यातल्या अक्षराला हलकं टेकवून, रंग उतरला तर स्वतः करू नका, हस्तलिखितांचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालायचे, तेही नको, तांबं कालांतराने कागदच ठिसूळ करतं.

चिंचोक्याची खळ तुम्ही ऐकली असेल, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांना खडूबरोबर लावतात ती. चिंचोक्यात झायलोग्लुकॅन नावाची साखरेची साखळी असते, आणि त्याचा कणा सेल्युलोजच्या कण्यासारखाच आहे, झाडाच्या कोवळ्या पेशीभित्तीत सेल्युलोजच्या दोऱ्यांना लपेटून बसणारं हेमिसेल्युलोजही याच जातीचं. त्यामुळे कुठल्याही फॅक्टरीशिवाय मिळणारा हा डिंक सेल्युलोजवर फार नीट बसतो. मला स्वतःला ही सगळ्यात मजेची गोष्ट वाटते, पण पोथीला मी तरी स्टार्चच सांगेन, चिंचोक्याची घरगुती खळ रंग सोडते.

परत टेबलाकडे. सुटलेल्या जोडात सिरिंजने नवीन डिंक सोडून शिकंजा आवळायचा मोह होईल, सुतारही तेच सुचवेल. वाळलेल्या पांढऱ्या डिंकाचा थर लाकूड सील करून टाकतो आणि त्यावर नवा डिंक नीट धरत नाही, वर्षभरात परत इथेच याल. तीनही जोड पूर्ण मोकळे करा, जे सुटले नाहीत त्यांना छेडू नका. सुटलेल्या कडांवरचा पापुद्रा आधी पटाशीने खरवडा, मग रंध्याने निदान अर्धा मिलिमीटर जिवंत लाकूड उघडं करा, गुण्या लावून कड सरळ आहे का बघा, दोन कडा एकमेकींवर ठेवून मागे बॅटरी धरली तर मधून उजेड दिसता कामा नये. थेंब टाकून बघा, ॲसिटोन, डी३, शिकंजे, आणि २४ तास हलवू नका. हे दिवाळीनंतर करा, आत्ता नको, मॉइश्चर मीटर मिळाला तर फळी १० ते १२ टक्क्यांवर आल्याशिवाय सुरुवात करू नका.

आणि टॉप खाली फ्रेमला कसा बसवलाय ते एकदा वाकून बघा. साग कमी हलणारं लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे, तरी ८ वरून १६ टक्के ओलीवर गेला तर दोन फुटी टॉप, फळ्या कशा चिरल्यात त्याप्रमाणे, ४ ते ९ मिलिमीटर रुंद होतो. चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेला असेल तर ही सगळी ओढाताण जोडांवर येते. मधला एक स्क्रू घट्ट ठेवा आणि कडेच्या स्क्रूंची भोकं फ्रेममधे रुंदीच्या दिशेने लांबट करून खाली वॉशर घाला, दहा मिनिटांचं काम आहे.